तव्यावरच्या खोलीचा भाव

आमच्या गल्लीत तवा म्हटलं की भाकरीचा नाई, आमची खोली! तीन मजली इमारत, वरती टिनाचं छप्पर, अन् त्या टिनाखाली आमी. उन्हाळ्यात दुपारी भिंतीले हात लावला तर चटका बसे. म्हनून साऱ्या गल्लीनं आमी यायच्या आधीच तिचं नाव तवा ठेवलेलं.

आमी माळी. भाजीचा मळा मोर्णा नदीच्या काठी, पन अकोल्यापासून लय दूर. मले हायस्कुलात घेतलं, तव्हा घरात साऱ्याईले एकच घोर: शहरात खोली भेटली नाई तर पोट्टीची शाळा बंद. माय म्हने, "मी राहीन तिच्यासंग. मळा तुमी पाहा." बाबा हो म्हनले.

घरमालक शेठजीनं इमारत दाखवता दाखवता भावही समजावला, अन् मले ते इतकं आवडलं की अजून पाठ हाय! खाली दुकान, रस्त्यावर तोंड, म्हनून महाग. मधला मजला त्याहून महाग, तिथं धूळ नाई, डोक्यावर ऊन नाई, अन् कापसाच्या हंगामात बाहेरचे व्यापारी मागितला तो भाव देते. वरची खोली मात्र स्वस्त.

"काहून?" मी इचारलं.

"ऊन वरून येते पोरी, अन् पानी खालून आनावं लागते," शेठजी हसले. विहीर आंगनात, घागर घेऊन सारे जिने चढा!

"मंग आमाले वरचीच द्या," माय म्हने.

रविवारी बाबा बैलबंडीत मळ्यातल्या मोटेचं जुनं चाक घालून आले. आमच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली विहीर. चाक वरच्या लाकडाले बांधलं, दोर सोडला, अन् मायनं उभ्या उभ्या बादली वर घेतली! गल्ली पाहतच राहिली. मधल्या मजल्यावरची व्यापाऱ्याची बायको खिडकीतून ओरडली, "अवो माळीनबाई, आमच्यापाशी जरा थांबवा न बादली!" तव्हापासून साऱ्या इमारतीचं पानी आमच्याच चाकावर.

पानी वर आल्यावर माय थोडीच गप बसते! फुटक्या घमेल्यात काळी माती, त्यात दोडके. दुसऱ्या उन्हाळ्यात टिन दिसेच ना, नुसता हिरवा वेल. खाली खोली गारेगार.

मंग शेठजी आले. आंगनातूनच म्हनले, "पानी वर आलं, ऊन गेलं. आता भाडं मधल्या मजल्याइतकं पडन."

मॅट्रिकले एकच वर्ष होतं. एवढं भाडं आमाले कुठून परवडन!

माय गॅलरीत उभी. म्हने, "बराबर हाय शेठजी, भाव तुमीच शिकवला आमाले. पन चाक आमचं, वेल आमचा. सांजच्याले बंडी बोलावतो, दोन्ही नेतो. तुमचा तवा तुमाले वापस!"

मधल्या मजल्याच्या खिडकीतून लगेच व्यापाऱ्याच्या बायकोचा आवाज, "चाक गेलं तर आमचंही भाडं उतरवा हो! आमी बी त्याच पान्यावर जगून राहिलो!"

सारी इमारत हसली. शेठजीनं वर वेलाकडे पाहिलं. मंग म्हनले, "दोडके तरी देसान का बाई?"

"घ्या न! पन चढून या."

आले बाप्पा धापा टाकत! दुपट्याभर दोडके नेले, भाड्याचं नावही काढलं नाई. मॅट्रिकचा सारा अभ्यास मी त्याच वेलाखाली केला. अन् आता गल्लीत कोनाले तवा इचारा, कोनी सांगनार नाई. माळनीची माडी इचारा, लहान लेकरूही बोट वर करते.