भाताची टोपडी

बारामतीत भात म्हटलं की लोक हसायचे. चहूकडे ऊस, आणि आमच्या जाळीघरात भाताच्या कुंड्या! नव्वदच्या दशकात मी तिथं संशोधन सहायक होते. एका रानटी भाताला कडा करपा, म्हणजे पानं कडेनं वाळवणारा रोग, अजिबात होत नसे. त्याचा तो गुण आम्हाला नेहमीच्या भातात आणायचा होता. संकराच्या रोपांची पानं बर्फात घालून एसटीनं पुण्याला धाडायचो. तिथं डीएनएतली खूण बघून सांगत, गुण कोणत्या रोपात उतरलाय. पण रानटी भाताची खोडही उतरायचीच. दाणा पिकता पिकता गळून जायचा. म्हणून लोंब्यांना कागदी पिशव्या बांधायच्या, आणि त्या वाऱ्यानं फाटायच्या.

पळसदेवला घरी गेले की मी हेच रडगाणं गायचे. एकदा आईनं विहारात नेसायची पांढरी साडी काढली आणि सरळ कात्री लावली.

"अगं, चांगली साडी!"

"विहारात दुसरी नेसंन. कागदात काय जीव हाय व्हय?" मग स्वतःशीच हसली. "भाताला टोपडी शिवतीया मी."

त्याच हंगामात आई गेली. अग्नी भावानं दिला.

कामावर परतले तर जाळीघरभर आईच. वारा आला की तिनं शिवलेल्या पिशव्या लोंब्यांवर फुगायच्या, साडी झटकल्यासारखा आवाज व्हायचा, आणि मी मागं वळून बघायचे. भीती वाटायची. वारा पडला की त्याहून जास्त वाटायची.

मग पुण्याहून फोन आला. एवढ्या रोपांत एकातच खूण सापडली होती. बाकीची जाळायची होती, कारण पारखण्यासाठी आम्हीच त्यांच्यावर करपा सोडला होता.

जाळीघर बघणाऱ्या आमच्या सरांना मी विचारलं, "सर, पिशव्या धुऊन ठेवू का?"

"नको. रोग पसरेल. सगळंच जाळा."

त्यांचं चुकत नव्हतं. मी जाळलं. भावाला विचारावंसं वाटलं, तुला हे कसं जमलं रे?

त्या एका रोपावरची पिशवी तेवढी उरली. सोडली की तीही आगीत जाणार होती. दाणे पिकले, तरी मी आज सोडते, उद्या सोडते करत राहिले. शेवटी सर म्हणाले, आता बुरशी धरेल.

सोडली. लोंबी रिकामी होती. सगळे दाणे पिशवीच्या तळाशी, उन्हानं कोमट झालेले. आईनं दुहेरी शिवण घातली होती, एकही दाणा बाहेर गेला नव्हता. ते मी ओंजळीत घेतले आणि पिशवी आगीत टाकली.

पुढच्या हंगामात ते दाणे उगवले. त्यांच्या लोंब्यांना मी पुन्हा कागदी पिशव्या बांधल्या. वाऱ्यानं त्या फाटायच्या, आणि दरवेळी मी मागं वळून बघायचे.