तुमच्यासाठी नॉर्मल

“एवढे दिवस अंगावर का काढलंत?” फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. समोरच्या पडद्यावर माझ्या छातीचा सीटी स्कॅन होता. काळ्या फुप्फुसांत खाली दोन्ही बाजूंना पांढरट जाळी दिसत होती, भिंतीला ओल चढावी तशी.

मी अंगावर काढलं नव्हतं. मी गेले होते. वर्षभरापूर्वी, इथेच, अटलांटाजवळच्या अल्फारेटात, दोन सिग्नल पुढे असलेल्या क्लिनिकमध्ये. तिथे नळीत फुंकून दाखवलं होतं, आणि तिथल्या डॉक्टरांनी हसतमुखाने सांगितलं होतं, “इट्स नॉर्मल फॉर यू.” तुमच्यासाठी नॉर्मल आहे.

त्यातलं ‘तुमच्यासाठी’ मला तेव्हा ऐकूच आलं नाही. ‘नॉर्मल’ ऐकलं आणि सुटले. तुम्हालाही कुणी असं सांगितलं, तर खुर्चीतून उठू नका. तिथेच बसून विचारा, माझ्यासाठी म्हणजे काय? एवढ्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. म्हणजे श्वासावाटे सतत आत जाणाऱ्या एखाद्या गोष्टीवर, पिसांवर, धुळीवर, बुरशीवर, शरीर चवताळतं आणि त्या भांडणात स्वतःचीच फुप्फुसं सुजवून घेतं. वेळेत कळलं तर सूज उतरते. उशीर झाला तर तिथे व्रण पडतात. त्याला फायब्रोसिस म्हणतात, आणि ते व्रण जन्मभर राहतात. माझ्यात दोन्ही होतं. सूज किती आणि व्रण किती, हे औषध सुरू केल्याशिवाय कळणार नव्हतं. पुढचं आयुष्य चालत जाणार की ऑक्सिजनची टाकी ओढत, ते त्यावर ठरणार होतं.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझं आलंच मुंगीच्या पावलांनी. पहिलं लक्षण कळलं ते गणपतीत. आरत्यांमध्ये ती एक ओळ असते ना, जी सगळे एका दमात ताणत नेतात आणि कुणाचा श्वास जास्त टिकतो ते एकमेकांकडे डोळे वटारून बघतात, ती. आमच्या इथल्या मराठी मंडळात तिथे दामले काका चॅम्पियन. वय पंचाहत्तर, छाती लोहाराच्या भात्यासारखी. मध्ये श्वास घेतला तर बाद, हा नियम त्यांचाच, आणि अंपायरही तेच. दरवर्षी शेवटी ते आणि मी दोघंच उरायचो. त्या वर्षी मी सगळ्यांच्या आधी संपले. दहा वर्षांची पोरं माझ्यापुढे गेली.

“वय झालं तुझं, मीनल!” काका हसून म्हणाले. मीही हसले.

मग जिना चढताना थांबावं लागायला लागलं. कोरडा खोकला. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात तुटायचं. मंडळातल्या मावश्यांनी अडुळशाचा काढा पाठवला. सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, प्राणायामाचं अ‍ॅप टाकून दिलं. शेवटी मी त्या पहिल्या क्लिनिकमध्ये गेले.

तिथली टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री. छाती भरून श्वास घ्यायचा, नळीत जीव खाऊन फुंकायचं, किती हवा बाहेर आली ते यंत्र मोजतं. तुमचं वय, उंची घालून तेवढ्या माणसाची हवा किती असायला हवी हे यंत्र ठरवतं आणि तुमचा आकडा त्याच्याशी ताडून पाहतं. टेक्निशियनने वय विचारलं, उंची विचारली, आणि मग विचारलं, “रेस? एशियन टाकू ना?” टाका म्हटलं. एशियनच आहे मी, त्यात लपवायचं काय? आपली सवयच आहे, पांढऱ्या कोटातल्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाला पटकन उत्तर द्यायचं आणि स्वतः एकही विचारायचा नाही.

नॉर्मल. वजन कमी करा, वयोमानाने थोडी अँग्झायटी असते, आणि एशियन लोकांची फुप्फुसं जरा लहानच असतात. सुधीरला तर हे लगेच पटलं. “आपण बारीक चणीचेच,” तो घरी येऊन म्हणाला. गंमत म्हणजे मलाही ते पटलं.

त्यानंतरचं वर्षभर माझी फुप्फुसं सुजत राहिली, आणि त्याला कारण माझंच घर होतं. मंडळाचं सगळं सामान आमच्या बेसमेंटमध्ये असतं. मखर, पडदे, सतरंज्या, पूर्वी कुणीतरी सोलापूरहून आणलेल्या. जॉर्जियाच्या दमट हवेत त्यांच्यावर हिरवी बुरशी धरायची आणि मी दर सणाला त्या अंगणात नेऊन झटकायचे. फेकून द्या म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण आपल्या माणसांना टाकवत काही नाही. रक्ताच्या तपासणीत नेमक्या त्याच बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली.

स्कॅन, मग ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे नाकातून दुर्बीण घालून फुप्फुसांत पाणी सोडणं आणि तपासायला परत काढणं. मग वाट बघणं. वेटिंग रूममध्ये मासिकं होती, माशांची टाकी होती आणि समोरच्या बाईचं पोर्टेबल ऑक्सिजनचं यंत्र फुस्‌ फुस्‌ करत होतं. त्या आवाजाकडे मी कान देऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, मला नको.

मग स्टिरॉइड सुरू झालं, प्रेडनिसोन. तोंड सुजलं, भूक राक्षसासारखी लागली आणि मी भांडायला लागले. “औषधाने चिडचिड होते, डॉक्टर म्हणाल्यात,” असं सुधीर सगळ्यांना फोनवर सांगायचा. चिडचिड औषधाची असेलही. राग माझा होता.

त्या रागाचा पत्ता मला पल्मनरी रिहॅबमध्ये मिळाला. रिहॅब म्हणजे फुप्फुसांच्या पेशंटांची व्यायामशाळा. बोटाला क्लिप लावून सायकल मारायची, ऑक्सिजन घसरला की थांबायचं. शेजारच्या सायकलवर मिस ओडेसा असायच्या. इकडे दक्षिणेत मोठ्या बाईला आदराने असंच म्हणतात. सत्तरीच्या, कृष्णवर्णीय, हायस्कूलात जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. वेटिंग रूममधलं ते फुस्‌ फुस्‌ त्यांचंच होतं.

मी त्यांना माझं ‘नॉर्मल फॉर यू’ सांगितलं. त्यांनी सायकल थांबवली. “तुम्हालाही?” त्या म्हणाल्या. “हनी, तुमच्यातून त्यांनी चिमूटभर वजा केलं. माझ्यातून मूठभर.”

मग त्यांनी मला शिकवलं, वर्गात शिकवावं तसं, मधे मधे श्वासासाठी थांबत. सायकलींवर बसून मी अमेरिकेचं यादवी युद्ध शिकले. ज्या गावात मी वीस वर्षं राहते त्या गावावरून ते गेलं होतं, आणि मला त्याच्या रस्त्याकडेच्या पाट्या तेवढ्या माहीत होत्या.

दक्षिणेची सगळी श्रीमंती कापसाची, आणि कापूस गुलामांच्या पाठीवर. माणूस विकत घेऊन राबवायचा तर तो आपल्यासारखा माणूस नाही हे कुणीतरी सिद्ध करून द्यायला लागतं. ते काम डॉक्टरांनी केलं. गुलामांचा मालक असलेल्या एका डॉक्टरने तर पळून जाणाऱ्या गुलामांना एक आजार होतो असं लिहिलं, त्याला भारदस्त ग्रीक नाव दिलं आणि उपाय सांगितला चाबूक. त्यानेच नळीत फुंकायला लावून सांगितलं की काळ्यांची फुप्फुसं कमी हवा घेतात, शेतात राबवणं हेच त्यांच्यासाठी औषध आहे. हे ऐकून माझ्या बोटावरची क्लिप बीप बीप करायला लागली. ट्रेनर धावत आली. मला काही झालं नव्हतं, संताप झाला होता.

गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची की नाही, यावरून देश फाटला. पसरू न देणारा राष्ट्राध्यक्ष निवडून आला, तशी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली. “आणि त्यांनी ते कशासाठी केलं, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय,” मिस ओडेसा म्हणाल्या. “जॉर्जियाने पण. मुलांना मी तेच वाचायला लावायचे.” चार वर्षं भाऊ भावावर गोळ्या झाडत होता. गोळ्यांपेक्षा जास्त माणसं तंबूंत जुलाबाने आणि तापाने मेली. अटलांटा जळलं. मळ्यांतून पळालेले गुलाम उत्तरेच्या फौजेत शिरले आणि बंदुका घेऊन परत आले. मिस ओडेसांच्या आजीचे आजोबा त्यातले एक.

“मग तुम्ही जिंकलात,” मी म्हणाले.

“जिंकलो. आणि जिंकणाऱ्या बाजूने काय केलं माहितेय? सैनिकांच्या छात्या मोजल्या. फुंकायला लावलं. काळ्या शिपायांची हवा कमी भरली, तेवढंच लिहून घेतलं. जन्मभर ते काय खात होते, कुठे झोपत होते, ते कुणी विचारलं नाही.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो आकडा पुस्तकातून पुस्तकात, पुस्तकातून यंत्रात गेला, आणि जिथे काळ्यांसाठी ‘असायला हवी’ त्या हवेतून एक वजावट होती तिथे पुढे एशियनांसाठीही एक आली. मी ‘टाका’ म्हटलं, त्या बटणावर बोट पडलं आणि माझी कमी हवाही पुरेशी ठरली. मिस ओडेसांच्या वेळी कुणी विचारलंही नव्हतं, चेहरा बघूनच टाकलं. त्यांचे व्रण सगळीकडे पसरेपर्यंत त्या कागदावर निरोगी होत्या. फुप्फुस बदलायच्या यादीत नाव जाण्याचं वय त्यातच उलटून गेलं.

आता वंश न विचारणारं नवं सूत्र आलंय. माझी मुलगी सई, इथेच जन्मलेली, मला घेऊन त्या पहिल्या क्लिनिकमध्ये गेली. “आई, यू टॉक. आय विल जस्ट सिट हिअर,” असं म्हणून माझ्या शेजारी बसली. मी डॉक्टरांना म्हटलं, माझं तेव्हाचं फुंकणं नव्या सूत्रात घालून दाखवा. त्यांनी घातलं. फुंकणं तेच, हवा तेवढीच. आकडा लाल झाला. अ‍ॅबनॉर्मल. त्या दिवशीच स्कॅन झाला असता.

“आय अ‍ॅम सॉरी,” डॉक्टर म्हणाले. भला माणूस होता, कान लाल झाले होते. “पण तेव्हा ती स्टँडर्ड प्रॅक्टिस होती.”

मी हे मिस ओडेसांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “गुलामगिरीसुद्धा स्टँडर्ड प्रॅक्टिसच होती.”

गणपतीच्या आधी दामले काका घरी आले, तेव्हा मी हे सगळं त्यांनाही ऐकवलं. ते चहा पीत म्हणाले, “अगं, ते युद्ध खरं तर राज्यांच्या हक्कांचं होतं. आणि हे गोरे-काळे त्यांचं त्यांचं. त्यांच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?”

“कसले हक्क, काका? माणसं विकायचे? आणि ती भानगड माझ्या छातीत आहे. स्कॅन दाखवू?”

सुधीरने तोंड उघडलं. “औषधाचं नाव काढू नकोस,” मी म्हटलं. त्याने मिटलं. काकांनी कप खाली ठेवला आणि खरंच म्हणाले, “दाखव.” मी दाखवला. ते चष्मा वर करून पुष्कळ वेळ ती पांढरी जाळी बघत राहिले. सतरंज्या त्यांनी स्वतः येऊन, तोंडाला फडकं बांधून, कचऱ्याच्या ट्रकमध्ये टाकल्या.

माझी सूज बरीचशी उतरली. व्रण तिथेच राहिले. मी चालते, जिना चढते, मध्ये एकदा थांबते. ज्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन केला, ज्या सईने मला बोलायला लावलं, त्यांचे उपकार आहेत. पण कृतज्ञ राहा, राग धरू नका, फुप्फुसांना चांगला नसतो, असं मला सांगायला येऊ नका. माझा एका वर्षाचा श्वास गेलाय, आणि मिस ओडेसांचा त्याहून कितीतरी जास्त. तुम्ही एवढंच करा, की पुढच्या वेळी नळीत फुंकाल तेव्हा विचारा, कुठलं सूत्र वापरताय.

यंदा घरच्या गणपतीला मी मिस ओडेसांना बोलावलं. ऑक्सिजनपाशी ज्योत चालत नाही, म्हणून निरांजनं, समया, उदबत्त्या सगळं बंद. ताटात बॅटरीचे दिवे. मंडळातून कुणीतरी कुजबुजलंच, “देवाला असलं चालतं का?” मी वळायच्या आत दामले काका म्हणाले, “देवाला चालतं. ज्याला चालत नसेल त्याने बाहेर उभं राहावं.”

मिस ओडेसा पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर ते फुस्‌ फुस्‌ करणारं यंत्र. टाळ्यांचा ठेका त्यांनी लगेच धरला. ती ओळ आली. सगळ्यांनी छाती भरून घेतली आणि ताणायला सुरुवात केली. मुलं गळाली, सुधीर गळाला. माझा श्वास अर्ध्यात संपला. काका माझ्याकडे बघत होते, आणि मिस ओडेसाही.

मध्ये श्वास घेतला तर बाद. मी घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल असा, छाती भरून घेतला, आणि तीच ओळ तिथूनच पुन्हा धरली. शेवटपर्यंत नेली. काकांनी मला बाद केलं नाही.