वाघाचा कान

रेवदंड्याच्या खाडीवर होड्या दुरुस्त करणारे एक सुतारकाका आहेत. काहीही विचारा, लाकडावर अंगठा फिरवत म्हणणार, "असंल. नसंल पण."

दसऱ्याआधी आमच्या देवघरातला खंजीर मी त्यांच्याकडे नेला. शिसवी मुठीवर कोरलेल्या वाघाचा एक कान तुटला होता. या वाघाचा आमच्या घराला फार अभिमान.

काकांचा अंगठा उरलेल्या कानावर थांबला. तो कान लोंबता आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"काका, हा कुत्रा आहे का हो?"

"घरात पूजा कोन करतं?"

"आई."

आठवड्यानं खंजीर मिळाला. नवा कान ताठ, गोल, अस्सल वाघाचा. जुना तसाच लोंबता. मी गोंधळलो.

"नवा कान आयच्या बाजूला ठेव," एवढंच ते म्हणाले.

दसऱ्याला मी तसाच ठेवला. आई पाटावर बसली, तिनं खंजीर फिरवून लोंबता कान स्वतःकडे घेतला आणि आधी त्यालाच कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी मी खाडीवर गेलो. "काका, आईला आधीपासून ठाऊक होतं?"

"असंल," काका म्हणाले.

मी बराच वेळ उभा होतो. पुढचं "नसंल पण" काही आलं नाही.