डाव्या कफातला अर्धा इंच

शर्टाचं माप द्यायला कुणी आलं, की गळा, खांदा, छाती, बाही सगळं घेऊन झाल्यावर मास्तर टेप गळ्यात टाकायचे आणि विचारायचे, "घड्याळ कुठल्या हातात?"

नवखं गिऱ्हाईक गोंधळायचं. शर्ट शिवायला आलोय, ह्याला घड्याळाशी काय करायचंय? मग मास्तर समजावून सांगायचे. ज्या हातात घड्याळ, त्या हाताचा कफ दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच सैल हवा. नाहीतर कफ घड्याळावर चढून बसतो आणि माणूस दिवसभर बाही ओढत राहतो. घड्याळ जाडजूड असेल तर पुरता एक इंच. तयार शर्टांचे दोन्ही कफ सारखेच असतात, पण माणसाचे दोन हात सारखे असं ज्यानं ठरवलं त्यानं जन्मात कुणाचं माप घेतलं नसणार, असं मास्तरांचं ठाम मत होतं. ते कुणी विचारलं नाही तरी ते सांगायचे.

गंमत पुढेच आहे. मास्तरांच्या स्वतःच्या शर्टांचा डावा कफही एक इंच सैल कापलेला असायचा आणि मास्तरांच्या हातात घड्याळ नव्हतं. पस्तीस वर्षं नव्हतं.

ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मास्तर तेव्हा मास्तर झाले नव्हते, दुसऱ्याच्या दुकानात कापायला बसायचे. लग्न नुकतंच झालेलं. तिथे एक जहाजावरचा इंजिनिअर माप द्यायला आला. दार अडवेल असा माणूस. त्यानं हातातलं घड्याळ काढून कापायच्या टेबलावर ठेवलं. पोलादी, भलंमोठं, गडद निळ्या डायलचं. खाली पसरलेल्या पांढऱ्या कापडावर ते असं काही दिसलं की मास्तरांची कात्री हातातच राहिली. इंजिनिअर दिलदार होता. म्हणाला, "घालून बघ की." मास्तरांनी घातलं आणि हात वर केला, तर घड्याळ घरंगळत थेट कोपराशी. सगळं दुकान हसलं. इंजिनिअरही हसला आणि म्हणाला, "मनगट वाढलं की घे!"

सत्ताविसाव्या वर्षी कुणाचं मनगट वाढतं? मास्तरांचं मनगट म्हणजे नुसती काडी. पुढे स्वतःचं दुकान झालं तेव्हा गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव काडीमास्तर पाडलं ते ह्याच मनगटावरून. त्या दिवसाचं हसणं ते विसरले नाहीत, घड्याळ तर नाहीच नाही. घ्यायचं तर तेच. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी शर्ट कापला आणि डावा कफ एक इंच सैल ठेवला. घड्याळ येईल तेव्हा शर्ट तयार हवा, असा त्यांचा सरळ हिशोब.

मग घड्याळ यायचं राहून गेलं. आधी दुकान उभं करायचं होतं, मग मुलगी झाली, तिचं शिक्षण, मग छत गळायला लागलं. प्रत्येकाच्या घरी होतं तेच. चौकातल्या घड्याळांच्या मोठ्या दुकानापुढून जाताना मास्तरांचा पाय मात्र आपोआप मंदावायचा. काचेमागे निळ्या डायलचं ते घड्याळ असायचंच. दर काही वर्षांनी त्यात थोडाफार फरक व्हायचा, तो मास्तरांना कंपनीच्या आधी कळायचा.

मास्तरीणबाई त्यांच्याबरोबर थांबायच्या. मास्तर कापायचे, शिवायचे, काज-बटण मास्तरीणबाईंचं. खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी हजारो शर्टांना बटणं लावली. बोलणं कमी, काम चोख. मास्तर खडूनं जिथे खूण करतील तिथेच बटण बसायचं. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

एक शर्ट सोडून. मास्तरांचा स्वतःचा.

त्याच्या डाव्या कफावर मास्तर एक इंच सैल येईल अशा बेतानं खूण करायचे आणि मास्तरीणबाई बटण अर्धा इंच आत लावायच्या. पहिल्या वेळी मास्तरांना वाटलं, चुकलं असेल.

"अगं, खूण इथे आहे."

"दिसली."

"मग?"

"मग काही नाही. चहा ठेवू का?"

दुसऱ्या शर्टाला तेच, तिसऱ्यालाही तेच. मास्तरांनी पुढे विचारलं नाही, मूग गिळून बसले, पण ते बोचलं. त्यांनी मनाशी अर्थ लावला तो असा, की ह्या बाईला आपल्यावर अर्धा इंचच भरवसा आहे. घड्याळ येईल असं तिला पुरतं वाटत नाही. येणारच नाही म्हणून तोंडावर सांगवत नाही, तर बटणानं सांगते. एवढ्या गुणी बाईविषयी मास्तरांच्या मनात तक्रार म्हणाल तर ही एकच होती, आणि ती त्यांनी तीसच्या वर वर्षं जपून ठेवली. नवरेमंडळी काय काय जपून ठेवतील सांगता येत नाही.

मास्तरीणबाईंना एक खोड होती. चहाचा कप देताना त्या मास्तरांचं मनगट अंगठा आणि मधल्या बोटात धरायच्या. बोटं एकमेकांवर चढायची. "एवढंसं तर आहे," म्हणायच्या आणि सोडायच्या. एकदा घड्याळांच्या दुकानाच्या काचेशी उभं असताना त्यांनी निळ्या घड्याळावरून बोट सरकवत खालच्या ओळीवर आणलं होतं. तिथे एक लहानसं, पातळ, पांढऱ्या डायलचं घड्याळ होतं. "ते बघा किती छान आहे."

"ते बायकांचं असतं," मास्तर म्हणाले. मास्तरीणबाई बरं म्हणाल्या आणि दोघं घरी आले.

दोन वर्षांपूर्वी मास्तरीणबाई गेल्या. आजार फार लांबला नाही, एवढंच त्यातल्या त्यात. त्यानंतर मास्तरांनी स्वतःसाठी तीन शर्ट शिवले आणि बटणंही स्वतःच लावली. पुरती एक इंचावर. आता अडवायला कुणी नव्हतं. पहिलं बटण लावून दोरा तोडला तेव्हा मास्तरांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. ते रडले.

ह्या वर्षी मुलीनं हट्टच धरला. "बाबा, आता घड्याळ घ्यायचंच. पैसे आहेत, मी आहे. अजून किती दिवस काचेवर नाक लावणार?"

मास्तरांनी आढेवेढे घेतले, ते घ्यायचेच असतात. पण रविवारी सकाळी लवकर उठून दाढी केली आणि कपाटातून राखाडी शर्ट काढला. मास्तरीणबाईंनी बटणं लावलेला शेवटचा शर्ट. एरवी ते तो वापरत नसत, झिजेल म्हणून. आज मात्र त्यांना तिला बरोबर न्यायचं होतं. खरं सांगायचं तर थोडं दाखवायचंही होतं, की बघ, आलं की नाही घड्याळ?

ज्या काचेसमोर इतकी वर्षं बाहेरून उभे राहिले, ती आज मास्तरांच्या पाठीशी होती. दुकानातली विक्रेती मुलगी चुणचुणीत होती. हातात पांढरे मोजे घालून तिनं मखमलीच्या तबकात ते घड्याळ आणून ठेवलं. निळी डायल, पोलादी पट्टा, सगळं तेच. 

मास्तरांनी डाव्या कफाचं बटण काढलं, बाही मागे केली. विक्रेतीनं घड्याळ चढवलं.

वजन बरोबर होतं. चकाकी बरोबर होती. आणि मनगट कुठेच दिसत नव्हतं. पट्टा जिथे जोडतात ती घड्याळाची दोन्ही टोकं हाडाच्या बाहेर, हवेत. जणू बशीवर ताट ठेवलंय.

"पट्ट्याच्या कड्या कमी करता येतील," विक्रेती म्हणाली. "पट्टा बसेल काका. पण डायल बेचाळीस मिलीमीटरची आहे, ती नाही कमी होणार. ही टोकं मनगटाच्या आत राहायला हवीत, आणि तुमचं मनगट..." 

"बोल, बोल. काडी आहे."

"नाजूक आहे," ती म्हणाली.

मास्तर आरशात बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना आरशासमोर उभं करून हेच सांगितलं होतं. साहेब, कापड भारी आहे, रंग झकास आहे, पण हे तुमच्या मापाचं नाही. लोक रागवायचे, गिऱ्हाईक तुटायचं, तरी मास्तर बधायचे नाहीत. आता आरशातल्या गिऱ्हाइकाला तेच सांगायची पाळी आली होती आणि मास्तरांची जीभ रेटत नव्हती. पस्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात होतं आणि ते दुसऱ्याचं दिसत होतं. त्या इंजिनिअरचं. परत द्यायला विसरल्यासारखं.

"बाबा, तुम्हाला आवडलंय ना? मग घ्या," मुलगी म्हणाली. "लोक काय म्हणतील ते म्हणोत."

"लोकांचं नाही गं." मास्तरांनी ते स्वतःच काढून तबकात ठेवलं. "बसत नाही. जे बसत नाही ते मी कुणाला घालू दिलं नाही."

ते उठायला लागले. म्हातारा माणूस पडलेल्या चेहऱ्यानं दुकानातून जाणार हे त्या विक्रेतीला बघवलं नसावं. ती म्हणाली, "काका, एकच मिनिट. एक दाखवते. नाही आवडलं तर सोडून द्या."

तिनं आणलं ते लहानसं होतं, पातळ, पांढऱ्या डायलचं, काळ्या चामडी पट्ट्याचं.

"हे बायकांचं," मास्तर म्हणाले. आणि आपण हे शब्द आधी कधीतरी म्हटलेत हे त्यांना आठवलं. कधी ते मात्र लगेच आठवेना.

"नाही हो काका, पुरुषांचंच आहे. छत्तीस मिलीमीटर. पूर्वी सगळे पुरुष एवढंच घालायचे, मोठ्यांची टूम नंतरची."

तिनं शेवटच्या भोकात पट्टा अडकवला. घड्याळ मनगटावर गप बसलं. टोकं हाडाच्या आत, डायल बरोबर मधोमध. हात वर केला तरी हललं नाही. मास्तरांचा धंद्यातला डोळा जे बघायचं ते क्षणात बघून मोकळा झाला. बसलं.

"आता कफ लावून बघा," विक्रेती म्हणाली. "बहुतेकांचा कफ अडतो."

मास्तरांनी बाही खाली ओढली. कफ घड्याळावरून सरकला, कुठेही न अडता. बटण काजात गेलं. घट्ट नाही, ढिलं नाही. हात टेबलावर ठेवला की घड्याळाची कड तेवढी बाहेर, हात सोडला की आत. असा कफ मास्तरांनी स्वतः कापून, खूण करून, तीनदा घालून बघून बसवला असता तरी ह्याहून चांगला बसला नसता.

अर्धा इंच.

 मास्तरांना ती काच आठवली, खालची ओळ आठवली, त्यावर टेकलेलं बोट आठवलं. चहाच्या कपाबरोबर मनगटाला पडणारा अंगठ्याचा आणि मधल्या बोटाचा वेढा आठवला. हजारो लोकांची मापं घेणाऱ्या ह्या माणसानं स्वतःच्या मनगटाला कधी टेप लावली नव्हती. ते माप घरात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तिनं ते रोज घेतलं होतं. घड्याळ येणार ह्यात तिला कधीच शंका नव्हती. ते कुठलं येणार हे फक्त तिला आधी कळलं होतं. मोठं घड्याळ तुम्हाला शोभायचं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं तिच्या जिवावर आलं, आणि बटण चुकीच्या जागी लावणं तिला जमणारं नव्हतं. म्हणून ती तीसच्या वर वर्षं अर्धा इंच आत लावत राहिली आणि नवरा मनात कुढत राहिला.

"बाबा?" मुलगी घाबरली. "काय झालं? नकोय का?"

"तुझ्या आईनं बटण बरोबर लावलं होतं," मास्तर म्हणाले. त्यांनी त्या बटणावरून अंगठा फिरवला. विक्रेतीनं न विचारता पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मास्तरांनी तो उजव्या हातानं उचलला. डावा त्यांना हलवावासा वाटत नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी ते तीन शर्ट काढले, स्वतः बटणं लावलेले. डाव्या कफाची तिन्ही बटणं उसवली आणि अर्धा अर्धा इंच आत लावली. मुलगी म्हणाली, मी लावून देते. ते नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. एका शर्टाचं निळसर कापड बरेच दिवस कपाटात पडून होतं, ते स्वतःसाठी कापायला घेतलं. ह्या वेळी डावा कफ अर्धाच इंच सैल कापला. दुपारपर्यंत शर्ट शिवून झाला. मास्तरांनी घड्याळ घातलेल्या हातानं कफ सपाट केला, दुसऱ्या हातात खडू धरला, खूण केली आणि सवयीनं शर्ट खिडकीजवळच्या स्टुलाकडे पुढे केला.

"खूण इथे आहे," ते म्हणाले. "ह्या वेळी बरोबर आहे गं."

आणि "दिसली" म्हणून ऐकू येईल, म्हणून ते तसाच हात पुढे करून थोडा वेळ थांबले.