अख्खा गोटा

सांगलीच्या इस्पितळात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. तिथले आमचे सर्जन अवघड ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ओला नारळ सोलत बसायचे. पटाशीने हलके ठोके देत करवंटी तुकड्या-तुकड्याने काढायची आणि आतला खोबऱ्याचा गोटा अख्खा राखायचा. त्यावर ओरखडा उठला, की नुसतं ‘हं’ म्हणून दुसरा नारळ घ्यायचे.

दुष्काळाच्या वर्षी आटपाडीकडची एक मेंढपाळ बाई लेकीला घेऊन आली. पोरीच्या नाकाच्या मुळाशी जन्मापासून लिंबाएवढी गाठ होती.

“फोड हाय, चिरून मोकळं करा,” बाई म्हणाली.

“फोड न्हाई, मेंदू हाय त्यो. कवटीच्या तळाला भोक राहिलंय, त्यातनं खाली उतरलाय,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाळाचं हाड उघडलं, मेंदू अलगद वर उचलून धरला आणि पोरीच्याच मांडीच्या स्नायूवरचा पातळ पडदा काढून त्या भोकावर शिवला. सहा तासांत एकदाही ‘हं’ ऐकू आलं नाही.

घरी जाताना बाई इस्पितळाच्या दारात नारळ फोडायला निघाली. डॉक्टरांनी तो तिच्या हातून घेतला, पायरीवर बसून सोलला आणि अख्खा गोटा तिच्या ओंजळीत ठेवला. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पोरीच्या कपाळाकडे, आणि दोघांनाही पदराखाली घेतलं.