नलूमावशी आणि रीमाचं नाटक

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे, आई शाळेत खिचडी शिजवायची. नाटक हा शिकलेल्यांचा शौक, असं आम्ही धरूनच चाललो होतो. मी इंजिनियर झाले, ओहायोतल्या डब्लिनला नोकरीला आले, तरी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोपऱ्यातली खुर्ची शोधायची. तिथेच शेजारी नलूमावशी भेटल्या. मुलाकडे राहायला आलेल्या, नागपूरच्या हौशी नाटकांत तीस वर्षं प्रॉम्प्टर. "मला स्टेजवरचं काही दिसलंच नाही गं," म्हणायच्या, "विंगेतून सगळ्यांचे नुसते पाय बघितले." त्या जाऊन आता सात आठवडे झाले.

शनिवारी त्यांचा मुलगा कामात असायचा आणि माझ्या अपार्टमेंटमध्ये माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून मी त्यांना लायब्ररीत घेऊन जायची. तिथे एकदा पॅलेस्टिनी तरुण लेखकांच्या नव्या नाटकांचं वाचन होतं. चार छोटी नाटकं, नट हातात कागद धरून वाचणार. ऐकू कमी येतं म्हणून मावशींनी एक प्रत मागून घेतली. तिसरं नाटक रीमाचं. इथेच वाढलेली, पंचविशीतली मुलगी. नाटकात आई गेल्यावर दोन बहिणी फोनवरून तिच्या स्वयंपाकघरातली भांडी वाटून घेतात. एक गाझात, एक ओहायोत. मध्येच लाइन जाते, आणि इथली बहीण फोन कानाला धरून नुसती थांबते. पहिल्यांदा ती थांबली, आणि... मावशींनी पुढचं वाक्य खणखणीत आवाजात देऊन टाकलं. सगळी खोली वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाचन संपल्यावर रीमा हसत जवळ आली. तिच्या आईलाही त्या जागी गप्प बसवलं नव्हतं म्हणे. "नट थांबला की माझा जीव वर-खाली होतो," मावशी मला म्हणाल्या, "आणि ही पोरगी मुद्दाम थांबवते."

मग रीमाला विचारून त्यांनी ते नाटक मराठीत केलं, वहीत, पेन्सिलीनं. मी टाइप करायची. आपल्या लोकांनी ते इथे ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. मंडळाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, दिवाळीला लोक हसायला येतात. त्यात आपण व्हिसावरची माणसं, उगाच पॉलिटिक्स कशाला?"

"दोन बहिणी आईची भांडी वाटून घेतात, त्यात पॉलिटिक्स कुठंय रे? तुम्हा भावांची वाटणी झाली, तेव्हा मंडळाला विचारलं होतंस?"

दोघं-तिघं हसले. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. एवढ्या मोठ्या लोकांत मला जागा मिळाली होती, ती जाईल असं वाटलं... लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "तुला तर मी प्रॉम्प्टपण दिला होता, शुभांगी."

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. मी हॉस्पिटलमध्ये माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, "आधी ते टायपिंग बघ. खलबत्त्याचं वाक्य सुटलंय तुझं." माफी राहूनच गेली. चार दिवसांनी त्यांच्या मुलाचा मेसेज आला.

त्यानंतरही शनिवारी गाडी आपोआप लायब्ररीकडे वळायची. मी पार्किंगमध्ये हीटर लावून बसायची, बर्फ काचेवर साचायचा, आणि आत जायला काही कारण नसायचं. शेजारच्या सीटवर त्यांची लोकरीची टोपी तशीच पडलेली... एका शनिवारी मात्र उतरले, वाचनासाठी खोली बुक केली आणि तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला. "मंडळाचं नाव नको. पण ग्रुपवर मेसेज मी टाकणार आहे." ते म्हणाले, "टाक. मीही येईन म्हणतो."

गेल्या रविवारी दुपारी वाचन झालं. इथल्या बहिणीचं काम मी केलं. एकोणीस माणसं आली, रीमा तिच्या आईला घेऊन आली, सेक्रेटरीही होते. नलूमावशींनी मराठीत केलेलं रीमाचं नाटक डब्लिनमधल्या आपल्या लोकांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.