हॅलोबाईंचं जंगल

हॅलोबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी उभी हयात काढली. "हॅलो, बोला, जोडून देते," एवढं म्हणता म्हणता केस पांढरे झाले आणि नाव पडलं ते पडलंच. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "लाइन बिझी होती, बाई. ठेवून दिला फोन." पुढे बोर्डाच्या जागी यंत्र आलं, एक दाबा, दोन दाबा म्हणायला लागलं, आणि बाई घरी आल्या.

घर म्हणजे जुन्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खोल्यांना बोलता येत नाही, म्हणून बाईंनी टीव्ही घेतला. आणि टीव्हीत त्यांना जंगलबाबा भेटला.

जंगलबाबा म्हणजे रानावनात एकटाच उतरणारा तो धिप्पाड गडी. चिखल गाळून पितो, अळ्या मटकावतो, झाडाच्या सालीची दोरी वळतो आणि दर दहा मिनिटांनी धापा टाकत सांगतो, "मी इथे अगदी एकटा आहे. दूरदूरवर माणूस नाही."

"मग तुझं शूटिंग कोण करतंय, मेल्या? तुझी सासू?" बाई खुर्चीतून विचारायच्या. पण बघायच्या मात्र डोळे फाडून.

त्यांची भाची दुसऱ्या शहरात राहायची. फोनवर ती हसायची. "मावशी, सगळं लुटुपुटूचं असतं ते. चार पावलांवर गाडी उभी असते, डॉक्टर असतो. संध्याकाळी हॉटेलात जाऊन गादीवर झोपतो बाबा तुझा."

"झोपेना का! शिकायला तर मिळतं?"

"तू काय शिकणार? स्वयंपाकघरात मगर निघणार आहे?"

"आपल्याला काय ठाऊक, कधी काय निघेल ते."

मग भाचीचा आवाज खाली यायचा. "मावशी, थट्टा पुरे. एकटी राहतेस, जीव टांगणीला असतो माझा. एक सांगून ठेवते, एकदा जरी काही झालं ना, मी तुझं ऐकणार नाही. सरळ उचलून इकडे आणणार."

"बरं बरं," म्हणून बाई फोन ठेवायच्या आणि दोन्ही खोल्यांमधून एक चक्कर मारून यायच्या. भिंतीला हात लावत. काही होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं व्रत होतं. पडायचं नाही, गॅस उघडा ठेवायचा नाही, चक्कर आली तर बसून घ्यायचं आणि कुणाला सांगायचं नाही.

इमारतीत त्यांचा संबंध फक्त एका माणसाशी होता, तोही भांडणाचा. खालच्या घरातला माणूस टीव्हीचा आवाज वाढला की छताला काठी मारायचा. ठक ठक ठक. बाईंनी त्याचं तोंड जिन्यात एकदोनदाच पाहिलं होतं, तेही दोघांनी दुसरीकडे बघत. मनात त्याचं नाव ठेवलं होतं, दांडकेवाले.

त्या दिवशी जंगलबाबाचे जुने भाग ओळीने लागणार होते. बाईंनी सकाळी दुधाची पिशवी आत घेतली, अंघोळीला जाताना बाथरूममध्ये ऐकू यावं म्हणून आवाज चांगला मोठा केला, आत गेल्या आणि कडी लावली.

आता एकट्या बाईने बाथरूमला कडी लावायची कुणाच्या धाकाने? पण दहाबारा माणसांच्या घरात, एका न्हाणीघरापुढे रांग लावून वाढलेली बाई ती. हात आपोआप कडीकडे जायचा. घर रिकामं झालं, हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

अंघोळ झाली. बाईंनी कडी ओढली, ती हलेना. दार फुगलेलं होतं, कडी वाकून बसली होती. बाईंनी जोर केला आणि कडीची मूठ सुटून हातात आली. हातात मूठ, दारात कडी, आत बाई.

"अगो बाई!" त्या म्हणाल्या, आणि एकदम हसूच आलं.

बाहेर जंगलबाबा ओरडत होता, "घाबरायचं नाही! संकटात पहिला शत्रू म्हणजे भीती!"

"नाही घाबरत," बाई म्हणाल्या. काढलेले कपडे पुन्हा अंगावर चढवले, बादली पालथी घातली आणि वर बसल्या. बाबाचे सगळे धडे आठवले. पाणी शोधा. पाण्याला काय तोटा, नळच होता. निवारा शोधा. डोक्यावर छत होतं, तेच तर दुखणं होतं. शक्ती राखून ठेवा, ते ठीक. दोरी वळा, पण वळून बांधायची कशाला? वर हातभर झरोका, त्यापलीकडे सांडपाण्याच्या नळांची अंधारी बोळ. तिथे ना वाट ना वाटसरू. रानात हरवलेल्याला निदान कुठेतरी चालत तरी जाता येतं.

मग त्यांनी हाक मारली. "कुणी आहे का?"

आवाज असा आला जणू पलीकडे साहेब मीटिंगमध्ये आहेत. बोर्डावर ओरडायचं नसतं. मधाळ बोलायचं, हळू बोलायचं. आता गळ्याला मोठं व्हायला सांगितलं तर गळा ऐकेना. पुन्हा जोर लावला, "कुणी आहे का?" तेवढ्यात टीव्हीत बाबा दरीच्या काठावरून दणक्यात ओरडला, "कुणी आहे का?" आणि बाईंची हाक त्याच्या हाकेत बुडून गेली.

थोड्या वेळाने बेल वाजली. कचरेवाली होती. "काकू, कचरा!"

"अगं ए! मी आत अडकलेय! दार उघड!"

"मला इथून बाहेर काढा!" टीव्हीत बाबाही नेमका दलदलीत फसला होता.

"टीव्हीच बघत बसा तुम्ही," कचरेवाली बाहेरून म्हणाली. "उद्या डबल कचरा देऊ नका मग." तिच्या बादलीचा आवाज जिना उतरत गेला.

बाई पुन्हा बादलीवर बसल्या. त्यांना लख्ख कळलं, की बाहेर तो गडी बोलतोय तोवर या घरात सगळं ठीकठाक आहे असंच जग समजणार. सोबतीला म्हणून लावलेला आवाज पहाऱ्यावर बसल्यासारखा दारात बसला होता.

दुपारी खालून आलं ते. ठक ठक ठक.

बाई ताडकन उठल्या. बाबाने शिकवलं होतं की तीनचा इशारा म्हणजे मदत. तीन शिट्या, तीन जाळ, तीन ठोके, जगात कुठेही. पायाला घासायची वजरी घेऊन त्या खाली बसल्या आणि फरशीवर हाणली. ठक ठक ठक.

 मग खालून जरा जोरात, ठक ठक ठक.

"ऐकलं! ऐकलं त्यांनी!" बाईंनी पुन्हा तीन दिले.

खालून संतापून तीन आले. बाईंनी आशेने तीन दिले. असं बराच वेळ चाललं. शेवटी खालून एकच दणका बसला, छत फुटावं असा, आणि मग काही नाही. तेव्हा बाईंच्या डोक्यात उजेड पडला. त्या माणसाला वाटलं असणार, म्हातारी वाकुल्या दाखवतेय. पुस्तकी इशारा त्याला कुठून कळणार? त्याच्या लेखी तीन ठोके म्हणजे आवाज कमी करा, दुसरं काही नाही.

गंमत अशी, की महिन्याभरात एवढा वेळ बाईंशी कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी फोन वाजला. भाचीच असणार. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. आयुष्यभर एकही फोन तीन घंट्यांच्या पुढे जाऊ न दिलेली बाई बादलीवर बसून ती घंटी ऐकत राहिली. मनाशी म्हणाली, आता घाबरेल पोरगी, कुणाला तरी पाठवेल. लगेच दुसरं मन म्हणालं, आणि पाठवलं म्हणजे? संपलंच की सगळं. गाठोडं बांधा आणि चला. सुटले तर हे घर गेलं, न सुटले तर मी गेले. त्यांना खालच्या दांडकेवाल्याची आठवण झाली. त्याला बायको असेल. ती म्हणेल, अहो, जरा वर जाऊन बघून या, बाई एकटी असते. बायकांना सुचतं असलं. एवढ्या एका आशेवर, भिंतीला पाठ लावून, थंडीत टॉवेल पांघरून त्यांनी रात्र काढली.

सकाळी जंगलबाबा अजून चालतच होता आणि बाईंचा घसा बसला होता. तेवढ्यात पुढच्या दाराच्या चौकटीवर धाडधाड दणके बसले.

"अहो बाई! रात्रभर टीव्ही? माणसं राहतात खाली, माणसं!"

"वाचवा!" बाई घोगऱ्या आवाजात किंचाळल्या.

"आधी ते वाचवा-बिचवा बंद करा! कंटाळा आला ऐकून!"

"अहो, मी बोलतेय! मी!"

"ऐकू येतंय का आत? मी तक्रार करणार आहे तुमची!"

पावलं मागे वळली. बाईंना ते कळलं आणि त्यांच्या पोटातून, बोर्डावर कधीही न निघालेला आवाज निघाला. "अहो दांडकेवाले! ओ छतफोडे! कुठे चाललात? एरवी बरा शिवशिवतो हात तुमचा, आज काय दांडकं मोडलं का?"

पावलं थांबली.

"दांडकेवाला कुणाला म्हणता?"

"तुम्हालाच! खालच्या घरातल्या!"

बाहेरच्या माणसाचं डोकं बहुतेक चालू लागलं. टीव्हीतला गडी काही म्हणो, त्याला खालच्या घरातलं दांडकं माहीत असायचं कारण नाही. मुठीने दार ढकललं गेलं आणि त्याचा आवाज एकदम जवळ आला. "अहो, हे तर उघडंच आहे!"

दुधाची पिशवी घेतल्यावर बाईंनी पुढचं दार नुसतं लोटलं होतं. जिन्याकडच्या दाराला खिट्टी नाही आणि बाथरूमला कडी. कचरेवालीने बोट लावलं असतं तरी चाललं असतं.

टीव्ही बंद झाला. घरात अशी शांतता पसरली, की बाईंना स्वतःचा श्वास परका वाटला. "मागे सरका," तो म्हणाला. दाराच्या फटीत त्याने काठी घातली. भांडायला येताना ती हातात घेऊनच आला होता. दोन हिसके दिले, कडी उखडली आणि दार उघडलं. समोर पांढऱ्या मिशांचा, बनियनवर शर्ट चढवून बटणं वरखाली लावलेला माणूस उभा. बाईंनी पदर सारखा केला.

त्याने त्यांना खुर्चीत बसवलं. चहा त्यानेच केला, पातेलं शोधायला बराच वेळ लावून. साखर जास्त पडली होती. बाई दोन्ही हातांनी कप धरून प्यायल्या.

"कालपासून आत?" त्याने विचारलं.

"काल सकाळपासून."

त्याने काठी भिंतीला टेकवली. "मला वाटलं, घरात पाहुणे आलेत. एवढे आवाज, आरडाओरडा. म्हटलं, बाईंचं घर भरलंय आणि मजा चाललीय. रागच आला मला त्याचा." मग म्हणाला, "आणि तुम्ही वरून उलटे ठोके देत होता, ते काय होतं?"

"ते मदतीचं असतं. तीन म्हणजे मदत. टीव्हीत सांगतात."

"टीव्हीत!" तो म्हणाला. हसावं की काय करावं, हे त्याला कळेना.

फोन वाजला. बाईंनी पहिल्या घंटीला उचलला.

"मावशी! काल कुठे होतीस? किती फोन केले!"

बाईंनी समोर पाहिलं. तो मान खाली घालून कप बघत होता. "कुठे जाणार? जंगलबाबा बघत होते. दिवसभर लागला होता. आवाजात ऐकूच आलं नाही गं."

"वाटलंच मला! म्हणून मीही फार काळजी केली नाही. आणि घसा का बसलाय?"

"गार पाणी प्यायले."

"बघ आता त्या ढोंग्यापायी फोनसुद्धा ऐकू येईना. शिकवलं तरी काय गं त्याने कालच्या दिवसात?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "करमणूक गं नुसती."

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "खरं सांगायचं होतं."

"खरं सांगितलं तर संध्याकाळी गाडी घेऊन येईल. लाडाने नेईल, जेवायला घालेल. आणि मग कधीतरी पलीकडच्या खोलीत नवऱ्याशी माझ्याबद्दल हळू आवाजात बोलेल. हळू आवाजातलं मला फार लवकर कळतं हो. धंदाच तो होता." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हीही घरी काही बोलू नका. एकदा का बायकांच्या तोंडी गेलं, की जिन्याजिन्याने फिरत भाचीपर्यंत पोहोचेल."

"नाही बोलणार," तो चटकन म्हणाला आणि काठी घेऊन उठला. दाराशी जरा घुटमळला, काहीतरी आठवल्यासारखं केलं, आणि मग उतरून गेला.

बाईंना त्याच्या शब्दाचा भरवसा नव्हता. पुरुषमाणूस, एवढा मोठा किस्सा हातात, बायकोला सांगितल्याशिवाय राहणार आहे थोडाच? त्या मधल्या खोलीत फरशीवर खाली बसल्या, एक हात टेकला आणि कान दिला.

खाली कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं, मिटलं. चपला एका बाजूला पडल्या, आधी एक, मग दुसरी. खुर्ची सरकली.

बाई वाट बघत राहिल्या. आता कुणीतरी विचारेल, काय झालं हो वर? आता विचारेल. उन्हाची पट्टी फरशीवरून भिंतीवर चढली. बऱ्याच वेळाने खालून खोकला आला, एकट्या माणसाचा, तोंडावर हात न धरता खोकलेला. मग पुन्हा काही नाही.